घालवण्याआधीची सुनावणी : हद्दपारीच्या कायद्याच्या अभ्यासाला प्रस्तावना

अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलामुलींना घरातून ज्या सूचना मिळतात, त्यांत अलीकडे एक भर पडली आहे. तिकडे राजकारणावर काही लिहू नकोस, मोर्चात जाऊ नकोस, कुणाच्या पोस्टला उगाच लाइक करू नकोस. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगितले, आणि ही सूचना आणखी ठाम झाली. तिच्यामागची काळजी खरी आहे, त्यासाठी आईवडिलांना कोणी बोल लावू नये. पण तिच्यामागे एक समजूतही आहे आणि हे पुस्तक त्या समजुतीशी वाद घालते. समजूत अशी, की परक्या देशात आपण पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या घरात जपून बोलावे आणि यजमानाने दार दाखवले की निमूट चालू पडावे.

ही उपमा दिसते तितकी निरुपद्रवी नाही. हद्दपारीचा कायदा ज्यांच्यावर चालतो, त्यांतले कितीतरी लोक वीस-वीस वर्षे त्या देशात राबलेले, कर भरलेले, तिथेच संसार थाटलेले असतात. त्यांची मुले जन्माने त्या देशाची नागरिक असतात. अशा माणसाला पाहुणा म्हटले, की त्याच्या हक्कांचा प्रश्न शिष्टाचाराचा होऊन बसतो, आणि शिष्टाचाराच्या प्रश्नावर कुठल्याही न्यायालयात दाद मागता येत नाही.

आपल्याकडे ही समजूत घट्ट रुजायला आपली राज्यघटनाही थोडी कारणीभूत आहे. अनुच्छेद १९मधले भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य नागरिकांपुरते आहे. परकीय व्यक्तीच्या वाट्याला अनुच्छेद १४ आणि २१ येतात, म्हणजे कायद्यापुढील समानता आणि जीवित व स्वातंत्र्याचे संरक्षण. १९५५च्या हान्स म्यूलर खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ अनिर्बंध मानला. पुढे १९९१मध्ये लुई द रेड या बेल्जियन मिशनऱ्याच्या खटल्यातही, अनेक दशके भारतात राहिलेल्या माणसाला इथे राहत राहण्याचा हक्क नाही, असाच निर्णय झाला. त्यामुळे ‘परक्याला कसले भाषणस्वातंत्र्य?’ हा प्रश्न आपल्याला प्रश्न वाटतच नाही.

अमेरिकेच्या घटनेची मांडणी वेगळी आहे. तिची पहिली दुरुस्ती भाषणाचा हक्क नागरिकांपुरता आखून देत नाही. भाषणस्वातंत्र्य आकसेल असा कायदा काँग्रेसने करू नये, असे बंधन ती सरकारवर घालते. पाचवी दुरुस्ती म्हणते की कोणत्याही व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता कायद्याच्या रीतसर प्रक्रियेविना हिरावून घेता येणार नाही. या रीतसर प्रक्रियेलाच तिथले वकील ‘ड्यू प्रोसेस’ म्हणतात. सान फ्रान्सिस्कोतल्या चिनी लाँड्रीवाल्यांच्या यिक वो खटल्यात, १८८६मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने, राज्यांवर हेच बंधन घालणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीबद्दल, स्पष्ट सांगितले होते की तिचे संरक्षण नागरिकांपुरते नाही, त्या भूमीवरच्या प्रत्येक व्यक्तीला आहे. म्हणजे पुस्तकी उत्तर सोपे आहे. परक्याला बोलण्याचाही हक्क आहे आणि सुनावणीचाही.

मग एवढ्या मोठ्या अभ्यासक्षेत्राची गरज का पडावी? कारण या विषयातली सगळी गुंतागुंत त्या सोप्या उत्तराच्या पुढे सुरू होते. परदेशी माणसाचा बोलण्याचा हक्क अमेरिकेत ‘तुला बोलण्याचा हक्क नाही’ असे तोंडावर सांगून क्वचितच काढून घेतला गेला. तो गेला सुनावणीच्या वाटेने. नोटीस उशिरा मिळाली, वकील नव्हता, कोठडी घरापासून हजार-दोन हजार किलोमीटरवर होती, पुरावा गुप्त होता, किंवा ज्या न्यायाधीशापुढे तक्रार पोहोचली त्याला ती ऐकण्याची मुभाच कायद्याने ठेवली नव्हती. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांतले खटले वाचून माझे मत असे बनले आहे, की हद्दपारीच्या छायेत जगणाऱ्या माणसासाठी बोलण्याचा हक्क आणि ऐकून घेतले जाण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क नाहीत. भाषणस्वातंत्र्याची ओढ असलेल्या वाचकाने म्हणूनच या पुस्तकातली नोटिसा, मुदती आणि अधिकारक्षेत्रांची रुक्ष वाटणारी पाने ओलांडून जाऊ नयेत. खरी झुंज तिथेच झालेली आहे.

या कायद्याचे मूळ चिनी मजुरांच्या खटल्यांत आहे. चे चान पिंग हा मजूर १८७५पासून सान फ्रान्सिस्कोत राहत होता. १८८७मध्ये तो मायदेशी जाऊन यायला निघाला, तेव्हा परत येता येईल असे सरकारी प्रमाणपत्र त्याच्या हातात होते. तो बोटीवर असतानाच, १ ऑक्टोबर १८८८ रोजी, काँग्रेसने असली सगळी प्रमाणपत्रे रद्द केली. आठवडाभराने बोट बंदराला लागली आणि त्याला उतरू दिले गेले नाही. पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांच्या लेखणीतून, निर्णय दिला की परक्यांना आत घ्यायचे की नाही हे ठरवणे सार्वभौम सत्तेचा भाग आहे आणि न्यायालयाने त्यात पडू नये.

हे दाराबाहेरच्या माणसाविषयी झाले. आत आलेल्या, राहिलेल्या माणसाचे काय? १८९२च्या गिअरी कायद्याने प्रत्येक चिनी मजुराला निवासाचा दाखला बाळगण्याची सक्ती केली. दाखला नसेल तर तो का मिळाला नाही हे न्यायाधीशाला पटवून द्यायचे, आणि आपण आधीपासून इथे राहतो हे सिद्ध करायला किमान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार आणायचा. चिनी समाजाच्या संघटनांनी नोंदणीवर बहिष्कार घालायला सांगितले आणि बहुसंख्य मजुरांनी तो पाळला. अमेरिकेच्या इतिहासातल्या सविनय कायदेभंगाच्या मोठ्या प्रसंगांत या बहिष्काराची गणना व्हायला हवी, पण पाठ्यपुस्तकांत तो फारसा दिसत नाही. तिघांचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांतल्या एकाजवळ साक्षीदार होते, पण ते चिनी होते. मे १८९३मध्ये फाँग यू टिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्णयात बहुमताने सांगितले की हद्दपारी ही शिक्षाच नव्हे, परक्याला त्याच्या देशी परत पाठवण्याची ती नुसती एक पद्धत आहे.

आजवरची सगळी इमारत या एका वाक्यावर उभी आहे. शिक्षा नाही, म्हणून ज्यूरी नाही. शिक्षा नाही, म्हणून आज केलेला कायदा कालच्या कृत्याला लावता येतो. शिक्षा नाही, म्हणून गरीब आरोपीला सरकारी खर्चाने मिळणारा वकीलही नाही. तीन न्यायमूर्तींनी या निर्णयाला विरोध केला आणि त्यांत चार वर्षांपूर्वी चे चान पिंगला परत धाडणारे फील्डच होते. दाराबाहेर अडवणे वेगळे आणि घरात राहणाऱ्याला उचलून बाहेर टाकणे वेगळे, असे त्यांनी कळवळून लिहिले. फील्ड यांचे हे मतपत्र विद्यार्थ्याने आधी वाचावे आणि मगच बहुमताचा निर्णय वाचावा, असा माझा आग्रह आहे.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला एक तुलना हाताशी आहे. आपल्याकडे एखाद्याला जिल्ह्यातून तडीपार करायचे असेल, तर ती मुदत फार तर दोन वर्षांची असते आणि त्याचे नागरिकत्व, त्याचा देश शाबूत राहतो. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५९प्रमाणे त्याच्यावरच्या आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप त्याला लेखी कळवावे लागते, खुलाशाची वाजवी संधी द्यावी लागते, वकील उभा करू द्यावा लागतो. ही नोटीस मोघम होती म्हणून उच्च न्यायालयाने तडीपारीचे आदेश रद्द केल्याची उदाहरणे आपल्या वकिलांना तोंडपाठ असतात. जिल्ह्याच्या सीमेबाहेर पाठवण्यासाठी जे किमान मानले जाते, ते समुद्रापार पाठवण्यासाठी जास्तीचे कसे ठरावे?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयालाही हे पूर्णपणे नाकारता आले नाही. सिएटलला उतरलेल्या यामाताया नावाच्या जपानी मुलीच्या खटल्यात, १९०३मध्ये, त्याने मान्य केले, की आत आलेल्या माणसाला काहीही ऐकून न घेता घालवता येणार नाही. तत्त्व जिंकले, पण मुलगी हरली. तिला इंग्रजी येत नव्हते, चौकशीत काय चालले आहे हे तिला कळले नव्हते, आणि ते तिचे दुर्दैव, असे म्हणून न्यायालयाने तिला परत पाठवले. सुनावणीचा हक्क आणि सुनावणी समजण्याचा हक्क यांतली ही दरी अजूनही पुरती बुजलेली नाही.

मतांवरून हद्दपारीचा काळ सुरू झाला तो १९०१मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या हत्येनंतर. १९०३च्या कायद्याने अराजकवाद्यांना दार बंद केले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये भाषण देताना पकडलेला इंग्रज कामगार-पुढारी जॉन टर्नर याच्या बाजूने क्लॅरन्स डॅरो उभे राहिले आणि हरले. निर्णय लिहिणारे सरन्यायाधीश फुलर हे फाँग यू टिंगमध्ये फील्ड यांच्यासोबत विरोधात होते, ही गोष्ट मला अजून खुपते. पण त्या काळातला सर्वांत बोधक अध्याय १९१९-२०चा आहे. रशियन क्रांतीच्या भीतीने अ‍ॅटर्नी जनरल पामर यांनी देशभर छापे घातले. २१ डिसेंबर १९१९ रोजी ‘ब्यूफोर्ड’ नावाच्या बोटीतून एमा गोल्डमन आणि अलेक्झांडर बर्कमन यांच्यासह २४९ जणांना रशियाकडे रवाना करण्यात आले. २ जानेवारी १९२०च्या रात्री तीसहून अधिक शहरांत हजारो लोक उचलले गेले.

छाप्यांच्या तोंडावर घडलेली एक बारीक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण इतिहासाच्या पुस्तकांत ती तळटीपेत जाते. त्या वेळी हद्दपारीच्या चौकशीसाठी ‘नियम २२’ होता. चौकशीच्या सुरुवातीलाच परक्याला सांगावे की तुला वकील घेता येईल, असे तो म्हणत असे. डिसेंबर १९१९च्या अखेरीला तो नियम बदलला गेला. सरकारचे हित जपण्याइतकी चौकशी पुढे सरकल्यावर मग वकिलाबद्दल सांगावे, असे नवे रूप त्याला मिळाले. म्हणजे वकील येईपर्यंत माणसाने कबुली दिलेली असावी. संघटनेच्या सभासदत्वावरून हद्दपारी व्हायची होती आणि सभासदत्वाचा पुरावा बहुतेकदा त्या माणसाच्या तोंडूनच काढायचा होता. भाषणस्वातंत्र्यावरचा एवढा मोठा हल्ला एका कार्यालयीन नियमातल्या क्रमबदलावर चालला.

तो थांबला तोही कागदांमुळेच. हद्दपारीच्या हुकमावर सही करण्याचा अधिकार पामर यांच्या न्याय खात्याकडे नव्हता, कामगार खात्याकडे होता. मार्च १९२०मध्ये त्या खात्याची सूत्रे लुई पोस्ट या सत्तरी गाठलेल्या सहायक मंत्र्याच्या हाती आली. पोस्ट यांनी एकेक फाइल स्वतः वाचायला घेतली. या माणसाने खरोखर काय केले, त्याला वकील मिळाला होता का, सभासद झाल्याचे त्याला ठाऊक तरी होते का, असे प्रश्न त्यांनी विचारले आणि हजाराहून अधिक वॉरंटे रद्द केली. त्यांच्यावर महाभियोग आणण्याची भाषा झाली. काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी आपल्या निर्णयांचे जे समर्थन केले, त्यापुढे विरोधकांचा आवाज बसला. बॉस्टनमध्ये न्यायाधीश जॉर्ज अँडरसन यांनी आणि बारा नामवंत कायदेपंडितांनी आपल्या अहवालातून याच काळात हीच बाजू लावून धरली. त्या बारांत फेलिक्स फ्रँकफर्टर आणि झेकराया चाफी होते. तरी मला पोस्ट यांचे मोल जास्त वाटते. त्यांच्या हातात कोणतीही नवी घटनादुरुस्ती नव्हती. त्यांनी फाइल वाचली.

या इतिहासात आपली माणसेही आहेत. गदर चळवळीचे लाला हरदयाळ यांना मार्च १९१४मध्ये सान फ्रान्सिस्कोत अराजकवादी म्हणून हद्दपारीसाठी पकडले होते. जामीन मिळताच ते स्वित्झर्लंडला निघून गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच वर्तुळात, पश्चिम किनाऱ्यावर शिकत आणि संघटना बांधत होते. महायुद्धानंतर, शिक्षा भोगून सुटलेल्या गदर कार्यकर्त्यांना ब्रिटिशांच्या हाती जाईल अशा रीतीने परत पाठवण्याचा घाट घातला गेला. तेव्हा अ‍ॅग्नेस स्मेडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया’ ही संस्था उभारून न्यूयॉर्कमधून लढा दिला. त्या लढ्याला अमेरिकी कामगार संघटनांचा पाठिंबा होता. भारतीय स्वातंत्र्यलढ्याचा हा परदेशी कोर्टकचेऱ्यांतला भाग मराठीत फार त्रोटक आला आहे. या क्षेत्रात कोणी मराठी संशोधक उतरणार असेल, तर त्याने पहिला हात इथे घालावा.

मधल्या काळातला माझा आवडता खटला हॅरी ब्रिजेस यांचा. मेलबर्नमध्ये जन्मलेला हा खलाशी १९२०मध्ये अमेरिकेत आला आणि १९३४च्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी संपातून कामगारांचा पुढारी झाला. त्याला कम्युनिस्ट ठरवून घालवण्यासाठी १९३९मध्ये चौकशी झाली. हार्वर्ड लॉ स्कूलचे अधिष्ठाता जेम्स लँडिस यांनी ती चालवली आणि पुरावा पुरेसा नाही असा निष्कर्ष काढला. मग काँग्रेसने कायदाच बदलला आणि दुसरी चौकशी लागली. १९४५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रिजेस यांची सुटका केली. त्या निर्णयात इथे राहणाऱ्या परक्याला भाषण आणि मुद्रणाचे स्वातंत्र्य आहे असे स्वच्छ म्हटले आहे, आणि आजही प्रत्येक वकील ते वाक्य उद्धृत करतो. पण ब्रिजेस सुटले कशावर? सरकारने ‘संबंध असणे’ या शब्दांचा अर्थ नको तितका ताणला होता आणि शपथेवर न दिलेले जबाब नियम मोडून पुरावा म्हणून वापरले होते, यावर. दार उघडले ते पुराव्याच्या नियमाने.

सात वर्षांनी वारे फिरले. हरिसियाडिस खटल्यात, १९५२मध्ये, पूर्वी कधीतरी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद असलेल्या तिघांची हद्दपारी न्यायालयाने उचलून धरली. त्यांचे सभासदत्व हद्दपारीचा तो कायदा येण्याआधीच संपले होते. बहुमताचा निर्णय रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिला. पुढच्याच वर्षी मेझाई खटल्याचा निर्णय आला. बफलोत पंचवीस वर्षे राहिलेला मेझाई मरणासन्न आईला भेटायला युरोपात गेला होता आणि परतल्यावर एलिस बेटावर अडकला होता. कारण गुप्त आणि त्याला घ्यायला कुठलाच देश तयार नाही. न्यायालयाने सरकारची बाजू घेतली. या वेळी जॅक्सन विरोधात गेले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की सोव्हिएत कायदे आपल्या प्रक्रियेने चालवले तर एकवेळ जगता येईल, पण आपले कायदे सोव्हिएत प्रक्रियेने चालवले तर नाही. ज्याने वर्षभरापूर्वी तिघांच्या राजकीय भूतकाळाची किंमत त्यांच्या घरादाराने वसूल केली, त्याच न्यायमूर्तीला गुप्त कारणाने दिलेल्या कोठडीसमोर प्रक्रियेचे मोल उमगावे, हा विरोधाभास या क्षेत्राच्या गाभ्याशी आहे. जॅक्सन यांची ही दोन मतपत्रे शेजारी ठेवून वाचावीत.

आता आपल्या काळाकडे येतो. २६ जानेवारी १९८७ला लॉस एंजेलिसमध्ये सात पॅलेस्टिनी आणि एक केनियन महिला अशा आठ जणांना पकडले गेले. एका पॅलेस्टिनी संघटनेची मासिके वाटली आणि तिच्यासाठी निधी गोळा केला, हा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप. एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख विल्यम वेबस्टर यांनी काँग्रेससमोर कबूल केले होते, की हे लोक नागरिक असते तर त्यांना अटक करण्यास आधार नव्हता. १९८९मध्ये एका संघराज्य न्यायाधीशाने संबंधित कलमे घटनाबाह्य ठरवली आणि १९९०मध्ये काँग्रेसने मतांवरून हद्दपारी करणारी जुनी कलमे बरीचशी काढूनही टाकली. सरकारने आरोपांचे स्वरूप बदलून खटला चालू ठेवला. दरम्यान १९९६च्या कायद्याने न्यायालयांचे हात आखडले आणि १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ‘आमच्या मतांमुळेच आम्हाला वेचून काढले’ ही तक्रार हद्दपारी चालू असताना सहसा ऐकता येणार नाही. शेवटी २००७मध्ये सरकारने माघार घेतली. वीस वर्षे गेली. ती वीस वर्षे त्या आठ जणांनी टांगत्या तलवारीखाली काढली आणि त्यांना गप्प करण्यासाठी निकालाची गरजच उरली नव्हती.

१९९०च्या त्याच सुधारणेत एक वेगळे कलमही होते. एखाद्याच्या वास्तव्याने देशाच्या परराष्ट्र धोरणाला गंभीर बाधा येऊ शकते, असे परराष्ट्र मंत्र्याला सकारण वाटले तर त्याला घालवता येते. कायदेशीर मते आणि वक्तव्ये यांना या कलमात सूट आहे, पण परराष्ट्र धोरणाचे अनिवार्य हित गुंतले आहे असे मंत्र्याने स्वतः ठरवले तर ती सूटही संपते. १९९६मध्ये मेक्सिकोचे माजी उपमहान्यायवादी रुइस मासिए यांच्या खटल्यात न्यू जर्सीतल्या न्यायाधीश मेरीअ‍ॅन ट्रम्प बॅरी यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवले होते. डोनाल्ड ट्रम्प यांच्या त्या सख्ख्या भगिनी. अपिलात तो निर्णय टिकला नाही. कलम चांगले म्हणून नव्हे, तर आधी इमिग्रेशनच्या पायऱ्या चढून या, असे सांगून तो रद्द झाला.

त्यानंतर जवळजवळ विसरले गेलेले हे कलम मार्च २०२५मध्ये परत आले. कोलंबिया विद्यापीठातल्या पॅलेस्टाइनच्या बाजूच्या आंदोलनात पुढे असलेले महमूद खलील हे ग्रीन कार्डधारक. ८ मार्चला त्यांना न्यूयॉर्कमध्ये पकडले, न्यू जर्सीला नेले आणि तिथून लुइझियानातल्या जेनाच्या डिटेन्शन सेंटरमध्ये. आधार होता परराष्ट्र मंत्री मार्को रुबिओ यांचे एक छोटेसे टिपण. खलील यांच्या मुलाचा जन्म ते कोठडीत असताना झाला. १०४ दिवसांनी, २० जूनला, न्यू जर्सीतल्या संघराज्य न्यायाधीशाच्या आदेशाने ते सुटले. टफ्ट्स विद्यापीठाच्या एका तुर्की विद्यार्थिनीला विद्यार्थी वृत्तपत्रात इतर तिघांसह लिहिलेल्या लेखानंतर, वर्षभराने, चेहरे झाकलेल्या साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी रस्त्यावरून उचलले आणि तिलाही लुइझियानात नेले. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या एका भारतीय संशोधकाला व्हर्जिनियातून टेक्ससला हलवले. तिघांचीही पुढे न्यायालयांनी जामिनावर सुटका केली, पण हलवाहलवीचा हा क्रम नीट पाहावा. माणूस कुठे कैदेत आहे यावर बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज कुठल्या न्यायालयात चालेल हे ठरते. शिवाय रात्रीत हजार-दोन हजार किलोमीटर दूर गेलेल्या माणसाला वकील, कुटुंब, विद्यापीठ यांपैकी कोणीच जवळ नसते.

सप्टेंबर २०२५च्या अखेरीस बॉस्टनचे न्यायाधीश विल्यम यंग यांनी दीर्घ निकालपत्रात लिहिले, की कायदेशीरपणे राहणाऱ्या परक्यांना नागरिकांइतकेच भाषणस्वातंत्र्य आहे आणि मतांवरून केलेल्या या कारवायांनी त्याचा भंग झाला. रेगन यांनी नेमलेले हे न्यायाधीश. उलट जानेवारी २०२६मध्ये खलील यांच्या खटल्यात अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने म्हटले, की आधी इमिग्रेशन न्यायालयांची पूर्ण वाट चालून या. १९९६मध्ये ट्रम्प बॅरी यांचा निकाल ज्या कारणाने पडला होता, ते कारण इथे ओळखीचे वाटेल. इमिग्रेशन न्यायाधीश हे स्वतंत्र न्यायसंस्थेचे घटक नाहीत, न्याय खात्याचे नोकर आहेत. घटनेचा प्रश्न सोडवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. तेव्हा ज्या वाटेने प्रश्न सुटूच शकत नाही, ती आधी कैदेत बसून पूर्ण चालायची, असा याचा व्यवहारातला अर्थ. मला हा निकाल चुकीचा वाटतो, आणि प्रस्तावनाकाराने तटस्थ राहावे हा संकेत मोडून मी ते इथे नोंदवतो.

शत्रुराष्ट्रीयांसाठीचा १७९८चा कायदाही त्याच वसंतात बाहेर निघाला. दोनशेहून अधिक व्हेनेझुएलन पुरुषांना १५ मार्च २०२५ला एल साल्वादोरच्या तुरुंगात पाठवले गेले. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे नऊही न्यायमूर्ती एका मुद्द्यावर एकत्र होते: या कायद्याखालीही नोटीस हवी आणि तिला आव्हान देण्याइतका वेळ हवा. मे महिन्यात न्यायालयाने सांगितले की निघण्याआधी चोवीस तास दिलेली आणि हक्क कसा बजावायचा हे न सांगणारी नोटीस पुरत नाही. बाकी मतभेद कायम राहिले. पण १९०३च्या यामाताया खटल्यापासून क्षीणपणे का होईना तेवत ठेवलेले तत्त्व विझले नाही, हे मला मोठे वाटते.

या पुस्तकात शिरणाऱ्याने कालक्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याने चिनी खटल्यांपासून सुरुवात करावी, पत्रकाराने लॉस एंजेलिसच्या आठ जणांपासून, आणि ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी वकील मिळण्याच्या प्रकरणापासून. वकील स्वतःच्या खर्चाने करावा लागतो, ही अट अजून कायम आहे. २०१३मध्ये न्यूयॉर्क शहराने कोठडीतल्या गरीब स्थलांतरितांना सार्वजनिक पैशातून वकील द्यायला सुरुवात केली आणि इतर ठिकाणी त्याचे अनुकरण झाले. त्या प्रयोगाचा अभ्यास आपल्या विधी सेवा प्राधिकरणांत काम करणाऱ्यांनीही करावा. दुभाष्यांच्या प्रश्नावर तर मराठीत एक ओळही लिहिली गेलेली नाही, असे म्हटले तर फार चुकणार नाही. आश्रय मागणाऱ्याची हकीकत दुभाषी कशी मांडतो, एखादी तारीख किंवा नात्याचा शब्द चुकला तर ती विसंगती म्हणून कशी नोंदली जाते आणि तिच्यावरून माणूस खोटारडा कसा ठरतो, हे तपासायला अनेक भाषांत सहज वावरणारे अभ्यासक लागतील. आपल्याकडे ते आहेत.